मालवण-तारकर्लीला सहकुटुंब: हॉटेलात काय मागवावं, काय विचारावं?

लातूरकर
मंडळी, नाताळच्या सुट्टीत आठ माणसं घेऊन मालवणला निघतोय. सोलापूर, कोल्हापूर, फोंडा घाट असा बेत आहे. आई-आबा माळकरी, लेकरं सहा नि नऊ वर्षांची, बाकी चौघं खाणारे. खाणारे म्हणजे काय, तर धरणातला रोहू-कटला, तोही कधीमधी. समुद्राच्या माशातलं आम्हाला ओ की ठो कळत नाही. मेनूकार्डावर म्हणे भावाच्या जागी नुसतं 'आजच्या दरानं' लिहिलेलं असतं. थाळी घ्यावी का सुटं मागवावं, फसू नये म्हणून काय विचारावं, लेकरांना काटे लागणार नाहीत असा मासा कोणता आणि माळकऱ्यांच्या पोटाचं काय, एवढं नीट सांगा. "छान आहे, मजा करा" असले प्रतिसाद नकोत.

बीडचा मास्तर, मु. कुडाळ
हॉटेलाच्या नावापेक्षा आधी वेळ धरा. बाजारपेठेतल्या खानावळी सकाळी मोजकाच मासा घेतात. साडेबाराला बसलात तर निवड असते, अडीचला गेलात तर उरलंय ते. तारकर्ली-देवबागच्या घरगुती निवासात तर सकाळच्या नाष्ट्यालाच सांगून ठेवायचं: किती ताटं, कोणता मासा, किती वाजता. ऐनवेळी सांगितलं की फ्रीजरचं दार उघडतं.

थाळीत साधारण असं येतं: तळलेला एक तुकडा किंवा एक अख्खा छोटा मासा, वाटीभर कालवण, सुकं काहीतरी (तिसऱ्या म्हणजे शिंपल्या, नाहीतर सुकट म्हणजे वाळवलेली बारीक मासळी), चपाती, तांदळाची भाकरी किंवा वडे, भात, सोलकढी. कालवण-भात बहुतेक ठिकाणी परत वाढतात, तळलेला तुकडा नाही. सोलकढीच्या दुसऱ्या वाटीचे पैसे काही जण लावतात, आधी विचारा. कालवणात तुकडा असतो का नुसता रस्सा, हेही विचारा. भांडण तिथंच होतं.

थाळीचा दर माशावर ठरतो. बांगड्याची स्वस्त, सुरमईची महाग, पापलेटची त्याहून वर. मोठं पापलेट, खेकडे, शेवंड (लॉब्स्टर) हे आकारावर किंवा वजनावर. तिथं तीन गोष्टी मागवण्याआधी वदवून घ्या: वजन साफ करण्याआधीचं की नंतरचं, भाव नगाचा की प्लेटचा, प्लेटमध्ये तुकडे किती. आणि "कच्चा मासा दाखवता का?" असं बिनधास्त म्हणा. कुणी राग मानत नाही, ट्रे आणून दाखवतात. नाही दाखवला तर तिथं पापलेट मागवू नका, कोंबडी-वडे खा नि निघा.

ट्रेमध्ये बघायचं काय? अख्ख्या माशाचा डोळा फुगीर नि स्वच्छ हवा, कल्ले उचलल्यावर आत लाल हवेत, बोटानं दाबलं की खड्डा लगेच भरून आला पाहिजे. सुरमईच्या कापलेल्या तुकडीत मधल्या काट्याभोवतीचं रक्त लालसर असावं. ते तपकिरी पडलं असेल, मांसाला पाणी सुटलं असेल तर ती जुनी. कोळंबीचं डोकं सैल किंवा काळं नको. खेकडा जिवंत आणि हाताला जड लागला पाहिजे, हलका म्हणजे आत पोकळ. तिसऱ्यांत शिजूनही न उघडलेलं शिंपलं दिसलं तर बाजूला ठेवा, उचकटून खाऊ नका.

तुमच्या चौघांसाठी पहिल्या दिवशी दोन सुरमई थाळ्या, एक बांगडा, एक कोंबडी-वडे, असं मागवून वाटून खा. लेकरांना वेगळी थाळी नको. सुरमईची एक तुकडी जास्तीची सांगा, "तिखट कमी, रवा न लावता" म्हणून. रोहू-कटल्याच्या मांसात जे बारीक दुहेरी काटे असतात ते सुरमईत नसतात. मधला मणका आणि पोटाकडचे मोजके काटे बाजूला काढले की काम झालं. रवा न लावता यासाठी की रव्याच्या जाड कवचाखाली मासा कसा आहे ते दिसत नाही.

अजून एक. बांगड्याच्या तिखल्यात (घट्ट तिखट कालवणात) मिऱ्यापेक्षा मोठं, फुटलेलं, टरफलासारखं काही दिसेल. ते तिरफळ. वासापुरतं असतं, चावायचं नाही, काढून ठेवायचं. चावलंत तर जीभ चरचरून बधिर होते आणि पुढचे चार घास चवच लागत नाही. लेकरांच्या ताटातलं आधीच वेचा.

औसेकर
बिलाचं सांगतो. हॉटेलच्या जेवणावर साधारण ५ टक्के जीएसटी, एसी असो वा नसो. बऱ्याच छोट्या खानावळी कंपोझिशन योजनेत (छोट्या धंद्यांसाठीची ठोक कराची सोय) असतात, त्यांना गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घेता येत नाही. बिलावर जीएसटी लावलाय पण नोंदणी क्रमांक नाही, असं दिसलं तर विचारा. सर्व्हिस चार्ज आपोआप जोडता येत नाही, २०२२ च्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचना तशा आहेत. काढा म्हणून सांगा. ऐकलंच नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. आणि रोख ठेवा जवळ, देवबागच्या टोकाला रेंज गेली की यूपीआय लटकतं.

परभणीची ताई
दादा, माळकऱ्यांसाठी "व्हेज थाळी मिळेल" या पाटीवर जाऊ नका. तवा एकच, कढई एकच असते. विचारायचं ते असं: वडे नि पापड कोणत्या तेलात तळता? मासे तळलेलं तेल तर नाही ना? खात्री नसेल तर शुद्ध शाकाहारी हॉटेलात दोघांना आधी जेवू घाला आणि तुम्ही नंतर बसा. एकाच टेबलाचा हट्ट धरला की आई-आबा वासानंच उपाशी उठतील.

खाण्यासारखं पुष्कळ आहे. काळ्या वाटाण्याचं सांबार आणि वडे, आंबोळी-चटणी, घावणे, काजूची उसळ. मात्र ओले काजू फेब्रुवारीनंतरचे, डिसेंबरात सुके भिजवून केलेली मिळेल. सोलकढीत लसूण असतो आणि ती सकाळीच एकदम पातेलंभर होते, तेव्हा बिनलसणाची हवी असेल तर सकाळीच सांगा. नारळाचं दूध उन्हात लवकर आंबतं, म्हणून सोलकढी दुपारीच प्यावी. रात्री आंबूस वास आला किंवा फुटल्यासारखी दिसली तर परत करा.

ज्वारीची भाकर तिथं मागू नका. तिथली भाकरी तांदळाची, उकड काढून केलेली. ज्वारीचं पीठ नेलंत तर घरगुती निवासात चूल-तवा देतात, पण थापायचं आईंनाच. त्यापेक्षा जाताना सोलापुरात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी घ्या. चार-पाच दिवस काही होत नाही.

नांदेडचा खवय्या
मास्तर, बाकी सगळं मान्य, पण सुरमईचा फार उदोउदो करू नका. नाताळ ते ३१ डिसेंबर गर्दी एवढी असते की तिथल्या होड्यांचा मासा पुरत नाही, बर्फातला बाहेरून येतो, आणि सगळ्यांना सुरमई-पापलेटच हवं असतं. त्या आठवड्यात "आज होडीचं काय आलंय?" एवढंच विचारा. बांगडा, मोरी (छोटा शार्क), सौंदाळे, जो मासा म्हणतील तो घ्या. स्वस्तही पडतं. बोंबलासाठी तिथं जीव टाकू नका, तो वरच्या, मुंबईकडच्या किनाऱ्याचा.

आणि हे महत्त्वाचं. बांगडा-सुरमई जातीचा मासा बर्फाविना पडून राहिला की त्यात हिस्टामिन तयार होतं, आणि ते तळून-उकळून जात नाही. खाताना जिभेवर मिरीसारखं चुरचुरलं, तासाभरात तोंड लाल झालं, अंगाला खाज सुटली, तर मसाल्याला दोष देऊ नका. ताट बाजूला सारा, डॉक्टर गाठा.

लातूरकर
खूप उपयोगी. लेकरांना कोळंबी पहिल्यांदाच देणार आहे, चालेल ना? आणि मेहुण्याचं म्हणणं, गर्दी नको म्हणून जूनमध्ये जावं.

नांदेडचा खवय्या
कोळंबी, खेकडा, तिसऱ्या पहिल्यांदा देताना दुपारी द्या, रात्री नको. एकच प्रकार, एक-दोन नग, मग थोडा वेळ थांबा. ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या तर पुन्हा देऊ नका. श्वास लागला तर वाट न बघता दवाखाना. मेहुण्याला सांगा, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंदी असते. खाडीचा मासा थोडाफार मिळतो, बाकी बर्फातलं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्याही पावसाळ्यात बंद.

बीडचा मास्तर, मु. कुडाळ
खवय्यांचं बरोबर आहे, नाताळात 'आज काय आलंय' हाच मेनू. सुरमई तेवढी लेकरांपुरती ठेवा.

संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव होतो, तो लेकरांना दाखवाच. तिथं विकत घ्यायचा मोह झाला तर आधी निवासवाल्याला फोन करून विचारा, शिजवून देईल का आणि मजुरी किती. मसाला-तेल त्याचं का तुमचं, तेही. काही जण बाहेरचा मासा स्वयंपाकघरात घेत नाहीत. घेणार असाल तर साफ करून, तुकडे करून तिथंच घ्या.

परतीच्या दिवशी मात्र लेकरांना फोंडा घाटाआधी नारळाचं गच्च जेवण देऊ नका, वळणावर सगळं बाहेर येतं. कणकवलीत घावणे नि चहा, आणि पोटभर जेवण घाट चढून झाल्यावर.