मदत हवी आहे: कुत्रीच्या घराच्या पत्र्याला आतून थेंब

चिपळूण, अंगणातलं ४ बाय ३ फुटांचं लाकडी घर. वर जीआयचा अखंड पन्हळी पत्रा, ४ फुटांत ६ इंच उतार. स्क्रू पन्हळीच्या उंचवट्यावर, रबरी वॉशरसकट. पाइपने पाणी मारून बघितलं, गळती नाही. तरी पावसाळ्यात पहाटे पत्रा खालून घामेजतो, थेंब पडून गोणपाट भिजतं आणि बिचारी बाहेर पावसात बसते. बाजूच्या फटी बुजवल्यावर ठिबकणं वाढलं, म्हणजे ही आतलीच वाफ. थर्माकोल नको, ती कुरतडून खाते. उतार वाढवता येत नाही, वर खिडकी आहे.

आता खालून १२ मिमी मरीन प्लाय लावायचाय. तो पत्र्याला चिकटवून ठोकावा की मध्ये इंचभर पट्ट्या देऊन हवा खेळती ठेवावी? पोकळी ठेवली तर वाऱ्याबरोबर येणारी झड आणि उंदीर अडवायला तोंडाशी काय लावता?