थॅचरबाईंनी कर कमी केले नाहीत, दुसऱ्यांच्या खांद्यावर टाकले

शनिवारपेठकर
परवा टिळक रोडवर एका व्याख्यानाला गेलो होतो. वक्त्यांचं म्हणणं असं की भारताला एक मार्गारेट थॅचर हवी, म्हणजे ब्रिटनच्या त्या माजी पंतप्रधानांसारखी. कर उतरवा, सरकारी कंपन्या विका, बाकी बाजार बघून घेईल. टाळ्या भरपूर पडल्या. मला हे अजिबात पटलेलं नाही, म्हणून हा धागा.

१९७९ मध्ये सत्ता मिळाल्यावर काही आठवड्यांतच अर्थमंत्री जेफ्री हाऊ यांनी वरच्या टप्प्यातला प्राप्तिकर ८३ टक्क्यांवरून ६० वर आणला. हे सगळे सांगतात. त्याच अर्थसंकल्पात ८ टक्क्यांचा व्हॅट, म्हणजे खरेदीवर सगळ्यांनाच पडणारा कर, १५ झाला, हे सांगायचं राहून जातं. राष्ट्रीय उत्पन्नातला कराचा वाटा पहिल्या काही वर्षांत उलट वाढला. तिकडे अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष रेगन यांनी वरचा दर ७० वरून २८ टक्क्यांवर आणला आणि त्यांच्या आठ वर्षांत अमेरिकेच्या केंद्र सरकारचं कर्ज जवळपास तिप्पट झालं.

पण मला सर्वांत जास्त खुपतात ती घरं. १९८० च्या कायद्यानं नगरपालिकेच्या भाडेकरूंना राहतं घर विकत घेता येऊ लागलं. सवलत ३३ टक्क्यांपासून, जितकी वर्षं राहिलात तितकी जास्त. दहा लाखांहून अधिक घरं विकली गेली. घेणाऱ्याला आनंद होणारच, त्यात त्याची काही चूक नाही. मात्र आलेल्या पैशांतून नवी घरं बांधायला नगरपालिकांवर बंधनं घातली गेली. त्यातली कितीतरी घरं आज खासगी मालकांकडे आहेत, आणि तिथल्या गरीब भाडेकरूंचं भाडं भरायला सरकारच भत्ता देतं. एकदाच पैसे मिळाले, खर्च मात्र कायमचा मागे लागला.

औंधचा उद्योजक
साफ असहमत. १९७९ च्या आधीचं ब्रिटन तुम्ही गाळूनच टाकलंत. १९७५ मध्ये महागाई २४ टक्के, १९७६ मध्ये नाणेनिधीकडे हात पसरावे लागले, १९७८-७९ च्या हिवाळ्यात रस्त्यावर कचऱ्याचे ढीग आणि लिव्हरपूलमध्ये थडगी खणणारे संपावर. तीच महागाई १९८३ पर्यंत ५ टक्क्यांच्या आत आली. व्हॅटचं म्हणाल तर अन्नधान्य आणि मुलांचे कपडे त्यातून वगळलेले होते. आणि कोळशाच्या खाणी बंद केल्या म्हणून बाईंना शिव्या घालताना हेही सांगा, की त्यांच्यापेक्षा जास्त खाणी विरोधी मजूर पक्षाचे पंतप्रधान विल्सन यांच्या काळात बंद झाल्या.

आपल्याकडचं आठवतंय ना? कारखाना आकुर्डीत आणि तरी पुण्यातल्या माणसाला चेतक स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. टेलिफोनचीही तीच गत. ज्यांना मागच्या दाराने लवकर मिळायचं त्यांची चंगळ होती. सरकारच्या परवानगीशिवाय उत्पादन वाढवता येत नसे, त्या परवाना राजात गरिबाचं काय भलं झालं?

पिंपरीकर
चेतकचं खरंय, पण आमच्या एचएचंही ऐका. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, १९५४ पासून पिंपरीत. देशातला पहिला सरकारी औषध कारखाना, पेनिसिलिन बनवणारा. वडील तिथेच निवृत्त झाले. शेवटी पगारसुद्धा रखडायचे. पुढे जादा जमीन विकायला परवानगी मिळाली. आणि २०२० मध्ये सरकारला पेनिसिलिन जी (औषधांसाठी लागणारं मूळ पेनिसिलिन) देशात पुन्हा बनावं म्हणून खासगी कंपन्यांना प्रोत्साहन रक्कम जाहीर करावी लागली, कारण तोवर सगळी भिस्त चीनवर होती.

औंधचा उद्योजक
पिंपरीकर, तुमच्या वडिलांबद्दल आदर आहे. पण एचए कधी विकली गेलीच नाही, मालकी सरकारचीच राहिली. म्हणजे हे उदाहरण माझ्या बाजूचं झालं.

पिंपरीकर
नाही हो. मालकी सरकारची होती, पण पैसे घालायची इच्छा नव्हती. चीनमधून स्वस्त माल यायला लागला तेव्हा 'बाजार ठरवेल' म्हणून सगळे गप्प बसले. कंपनी विकली नाही, उपाशी मारली. कामगाराला त्यात काय फरक पडला?

कोथरूडची सीए
आकडे देते. सप्टेंबर २०१९ मध्ये आपल्याकडे कंपन्यांचा मूळ कर ३० वरून २२ टक्क्यांवर आला, नव्या उत्पादक कंपन्यांना १५. सोडलेला महसूल वर्षाला १.४५ लाख कोटी, हा अर्थमंत्र्यांनी स्वतः सांगितलेला आकडा. कारण तेच जुनं, कर कमी केला की गुंतवणूक येईल. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात केंद्राकडे येणाऱ्या रुपयातले २२ पैसे प्राप्तिकराचे आहेत आणि १७ कंपनी कराचे. पगारदार माणूस कंपन्यांपेक्षा जास्त भरतोय. दर मार्चमध्ये माझ्यासमोर बसलेल्या पगारदारांना मी हेच सांगते आणि त्यांना खरं वाटत नाही.

औंधचा उद्योजक
ताई, प्राप्तिकरात व्यावसायिक आणि भागीदारी फर्म्सही येतात, सगळे पगारदार नव्हेत. आणि करकपात लोकांनाच हवी असते. पुण्यात स्वतःच्या घरात राहणाऱ्यांना मिळणारी घरपट्टीतली ४० टक्के सवलत बंद झाली तेव्हा केवढी ओरड झाली! विरोधकांनी मागितली, सत्ताधाऱ्यांनी २०२३ मध्ये परत दिली. वैचारिक मतभेद तेव्हा कुठे गेले होते?

शनिवारपेठकर
अहो, हाच तर तो वारसा. बाई घरपट्टीवरूनच घसरल्या. घराच्या अंदाजित भाड्यावरून ठरणारी पट्टी काढून त्यांनी माणशी कर आणला, १९८९ मध्ये स्कॉटलंडमध्ये आणि पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये. बंगलेवाला आणि त्याचा माळी यांना एका गावात जवळपास तेवढीच रक्कम. लंडनमध्ये दंगल झाली आणि त्याच वर्षी त्यांच्याच पक्षानं त्यांना घालवलं. तो कर गेला, विचार मात्र राहिला. मजूर पक्षानं १९९५ मध्ये पक्षाच्या घटनेतलं सार्वजनिक मालकीचं कलम बदललं आणि १९९७ ला सत्तेत आल्यावर बाईंच्याच काळात ६० वरून ४० टक्क्यांवर आलेला वरचा दर २०१० पर्यंत तसाच ठेवला. विरोधकालाच आपली भाषा बोलायला लावणं, याहून मोठा विजय कोणता? २०२२ मध्ये पंतप्रधान लिझ ट्रस यांनी करकपातीचा तोच प्रयोग आणखी पुढे नेला, तर पौंड कोसळला आणि त्यांना ४९ दिवसांत जावं लागलं. तरी टिळक रोडवर टाळ्या पडतातच.

घरपट्टीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ४० टक्के सवलत ५०० चौरस फुटांच्या आतल्या घरांनाच द्यावी. कोरेगाव पार्कातल्या तीन हजार फुटांच्या फ्लॅटला सवलत देऊन नळाला पुरेसं पाणी न येणाऱ्या धायरीत लोकांना टँकर विकत घ्यायला लावणं मला अन्यायाचं वाटतं.

औंधचा उद्योजक
याला माझा विरोध. आधी महापालिकेनं मोठ्या थकबाकीदारांकडून वसुली करावी, मग वेळेवर भरणाऱ्यांच्या दारात यावं.