मदत हवी आहे: वाढत्या उपनगराला भुयारी मेट्रो की लाइट रेल?

आमच्या उपनगरातल्या नियोजित मार्गावर भुयारी मेट्रो हवी की लाइट रेल (म्हणजे बहुतांशी रस्त्याच्या पातळीवर रुळांवरून धावणारी, ट्रामसारखी हलकी गाडी), यावर नागरिकांच्या सूचना मागवल्यात, म्हणून जाणकारांना विचारतोय. रस्ता रुंद आहे, आज दोन्ही बाजूंना बैठी घरं आहेत, पण टोलेजंग इमारतींना परवानग्या मिळू लागल्यात.

भुयारी मेट्रो तासाला एका दिशेने 30,000 हून अधिक प्रवासी नेऊ शकते, हे मान्य. पण तेवढी गर्दी इथे होणार कधी? कॅनडातल्या टोरांटोची शेपर्ड मेट्रो 2002 साली सुरू झाली, ती जेमतेम 5 स्थानकांची. मूळ आराखडा पैशाअभावी छाटला गेला. उलट कॅनडातल्याच कॅलगरी शहराने 1981 पासून बहुतांशी जमिनीवरूनच लाइट रेल टप्प्याटप्प्याने वाढवली. माझा कल तिकडेच आहे. वयस्कर माणसांना जिने न उतरता फुटपाथवरून सरळ फलाटावर आणि तिथून डब्यात जाता येतं, हे मला फार मोलाचं वाटतं.

अडतंय ते चौकांत. स्वतंत्र मार्गिका असूनही गाडी प्रत्येक सिग्नलला थांबली, तर बसपेक्षा वेगळं काय मिळालं? गाडीला सिग्नलवर खरंच प्राधान्य देतात, की वाहनचालकांच्या ओरडीपुढे ते गुंडाळलं जातं? फक्त मोठे चौक भुयारातून ओलांडणं परवडतं का? अशा प्रकल्पावर काम केलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.