ग्रेस 10 सेकंद आणि फेन्सिंग बंद? खरंच?

रात्रपाळी: काल इथे एकाने ठोकून दिलं की एनएफएस (नेटवर्कवरून फायली पुरवणारा) क्लस्टर फेलओव्हरला, म्हणजे एक सर्व्हर पडल्यावर दुसऱ्याने काम उचलायला, दीड मिनिट खातो, तर ग्रेस 90 वरून 10 वर आणा, फेन्सिंग (बिघडलेल्या नोडची, म्हणजे सर्व्हरची, वीज तोडून त्याला डिस्कपासून दूर ठेवणं) काढा, विषय संपला. विषय नाही, डेटा संपेल! ग्रेस म्हणजे नव्या नोडने जुन्या क्लायंटना, म्हणजे फायली वापरणाऱ्या मशीनना, फायलींवरची आपापली लॉक परत मागायला दिलेला वेळ. क्लायंट जुन्या 90 सेकंदांच्या लीजवर (लॉक टिकवायला ज्या मुदतीत सर्व्हरला हाक मारावी लागते ती) निवांत बसलाय आणि तुम्ही 10 सेकंदांत दार लावलंत, तर त्याचं लॉक दुसराच घेऊन जाईल.

डीआरबीडीवाला: तो मीच. लीजसकट 10 म्हणायचं होतं. आमच्याकडे दोन्ही 15 वर आहेत, कुणी रडलेलं नाही.

रात्रपाळी: 'म्हणायचं होतं'! बरं, लीजसकट असेल तर चालेल. पोस्टमध्ये लिहायला काय झालं होतं?

कर्नल_काका: भांडताय कशाला? सगळे क्लायंट एनएफएसच्या 4.1 आवृत्तीवर न्या. प्रत्येकाने रिक्लेम कम्प्लीट ('माझी लॉक मागून झाली' हा निरोप) पाठवलं की सर्व्हर ग्रेस आधीच उरकतो. मात्र क्लायंटची यादी नव्या नोडला दिसली पाहिजे, म्हणजे ती दोन्ही नोडना दिसणाऱ्या शेअर्ड डिस्कवर हवी. यादीत एक जरी 4.0 वाला निघाला की बसा 90 मोजत.

साधा_अ‍ॅडमिन: ग्रेस संपूनही आमचे क्लायंट गप्पच असायचे. टीसीपी रिट्राय, म्हणजे उत्तर न आल्यावर पुन्हा पाठवणं, दर वेळी दुप्पट थांबत होता. क्लस्टरमधला पोर्टब्लॉक टिकल एसीके (क्लायंटला लगेच जागं करणारं छोटं पॅकेट) पाठवायला लागल्यावर सुटले.

रात्रपाळी: आणि फेन्सिंगचं काय? त्यावर सगळे चिडीचूप. जुन्या ऑफिसात पर्चेसने आमचा स्विच्ड पीडीयू (फेन्सिंगसाठी दुरून वीज बंद करता येणारा पॉवर बोर्ड) मागणीतून उडवला, 'चालू सर्व्हरची वीज कापायला पैसे कशाला?' म्हणून. शनिवारी पहाटे हार्टबीटची (नोड एकमेकांना 'जिवंत आहे' सांगतात ती) केबल निघाली, दोघांना वाटलं दुसरा मेला, आणि दोन्ही नोडनी एकच एलयूएन, म्हणजे शेअर्ड डिस्क, माउंट केला. एक्सएफएस ही फाइल सिस्टम रिपेअर केल्यावर लॉस्ट अँड फाउंड फोल्डरमध्ये हजारो बेवारस फायली, नावाच्या जागी नुसते आयनोडचे (फायलीच्या अंतर्गत क्रमांकाचे) आकडे. अकाउंट्सच्या बाई रोज विचारायच्या, "यातली मार्चची कुठली?"

डीआरबीडीवाला: यात पर्चेसचा काय दोष? हार्टबीटला एकच केबल ठेवली कुणी?

रात्रपाळी: दुसरी केबलही पर्चेसनेच उडवली होती. इंडेंट (मागणीपत्र) दाखवू?

साधा_अ‍ॅडमिन: आमच्या पर्चेसने यूपीएसच्या बॅटऱ्या सेकंडहँड आणल्या होत्या.

कर्नल_काका: धागा फेलओव्हरचा होता ना?

डीआरबीडीवाला: होता. फेन्सिंगचं वाक्य काढलंय पोस्टमधून, समाधान झालं? 15 मात्र 15 च राहणार.