नवा गेमिंग लॅपटॉप: पहिले काही दिवस कसे गेले?

धागा काढायला निमित्त माझंच. चार दिवसांपूर्वी पहिल्यांदाच गेमिंग लॅपटॉप घेतला. दोन दिवस स्वर्ग. तिसऱ्या दिवसापासून असं होतंय की खेळ मस्त चालू असतो, सेकंदाला ९०च्या आसपास फ्रेम (चित्रं) मिळत असतात आणि मधेच त्या धाडकन ३०वर येतात. काही सेकंदांनी परत सगळं ठीक. तापमान बघितलं, तेही ताळ्यावर. ग्राफिक्सचे ड्रायव्हर, म्हणजे ती चिप चालवणारे प्रोग्राम, तीनदा काढून पुन्हा टाकले, चौथ्यांदा हिंमत नाही. माझं सुटेल तेव्हा सुटेल, पण नवं मशीन लावताना तुम्ही कुठे अडकलात आणि शेवटी घोडं कुठे पेंड खात होतं ते लिहा. फक्त 'सर्व्हिसला द्या' एवढंच लिहू नका, ते मलाही सुचलंय.

*

माझी गोष्ट लाजिरवाणी आहे, म्हणून आधीच सांगून मोकळा होतो. १६५ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १६५ वेळा चित्र बदलणारा डिस्प्ले हौसेने घेतला आणि दीड महिना ६० हर्ट्झवर खेळलो. वर मित्रांना 'डोळ्यांना फरक जाणवतो बरं का' असं सांगतही होतो! सेटिंग्जमध्ये डिस्प्ले, त्यात ॲडव्हान्स्ड डिस्प्ले, तिथे हा आकडा दिसतो. आणि एकदा बघून निर्धास्त होऊ नका. काही लॅपटॉप चार्जर काढला की बॅटरी वाचवायला आपणहून ६०वर उतरतात.

*

आमच्याकडे लेकीच्या लॅपटॉपने पाचव्या दिवशी घाम फोडला. कंपनीच्याच ॲपने बायोसचं, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामचं अपडेट सुचवलं, तिने 'हो' म्हटलं. रीस्टार्ट झाला तो थेट निळ्या स्क्रीनवर, आणि तिथे ४८ अंकी रिकव्हरी की मागतोय. आम्ही कुठलीच की लावली नव्हती, निदान आमची तशी समजूत होती.

नंतर उलगडा झाला तो असा. विंडोज ११ मायक्रोसॉफ्टच्या खात्याने सुरू केलं की बऱ्याच मशीनवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, म्हणजे कुलूपबंद. कुलपाची सूत्रं टीपीएम नावाच्या सुरक्षा चिपकडे. बायोस बदलला की चिपला वाटतं कुणीतरी छेडछाड केली, मग ती दार उघडत नाही. ती रिकव्हरी की मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जाऊन पडलेली असते, फक्त ते खातं कुठलं हे आठवायला हवं. लेकीने सेटअपच्या घाईत शाळेत असताना काढलेला जुना ईमेल दिला होता, आणि त्याचा पासवर्ड ती केव्हाच विसरली होती. तीन तास आम्ही दोघी फोनवर त्या खात्याच्या मागे. ६-६ अंकांचे ८ गट, मी वाचतेय आणि ती टाइप करतेय. सातव्या गटात चूक झाली तेव्हा दोघींनाही हसू आलं.

आता तो आकडा कागदावर लिहून कपाटात ठेवलाय. आणि बायोसला हात लावण्याआधी एन्क्रिप्शन तात्पुरतं थांबवता येतं, हे आम्हाला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

*

धागाकर्ते, तापमान ठीक आहे म्हणता ना, मग वॅट बघा. ग्राफिक्स चिप किती वीज ओढतेय हे दाखवणारी मोफत साधनं आहेत, ती खेळावर कोपऱ्यात लावून ठेवा. फ्रेम पडतात त्या क्षणी वॅटही पडत असतील तर खेळाचा दोष नाही, कुणीतरी वीज तोडतंय.

या वॅटवरूनच मी सुरुवातीला फसलो होतो. आरटीएक्स ४०६० लॅपटॉप हे ग्राफिक्स चिपचं एकच नाव, पण ती बनवणाऱ्या एनव्हिडियाच्याच तक्त्यात त्याची मर्यादा ३५ ते ११५ वॅट आहे. म्हणजे बारीक मशीनमधला ४०६० आणि जाडजूड मशीनमधला ४०६० हे नावापुरतेच भाऊ. मी बारीक घेतला आणि जाड्याचे आकडे मिळत नाहीत म्हणून महिनाभर ड्रायव्हर बदलत बसलो.

दुसरं, बॅटरीवर खेळून बघून 'मशीन खराब' ठरवू नका. लॅपटॉपची बॅटरी सहसा १०० वॅट-अवरच्या आतच ठेवतात, कारण त्यापेक्षा मोठी विमानात न्यायला एअरलाइनची परवानगी लागते. तेवढ्या बॅटरीतून प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघांना पोटभर वीज मिळत नाही, म्हणून चार्जर निघाला की दोघांचाही वेग कापला जातो. टाइप-सीचा ६५ वॅटचा चार्जर लावला तरी साधारण तीच गत.

*

लॅपटॉप मिटून बॅगेत ठेवला, तासाभराने काढला तर इस्त्री! पंखे फुल्ल, बॅटरी निम्मी. झाकण मिटलं म्हणजे झोपला हा माझा गैरसमज. नव्या लॅपटॉपमध्ये 'मॉडर्न स्टँडबाय' असतो, म्हणजे डोळे मिटून जागं राहणं. नेटवर्क, अपडेट, असलं काहीबाही आत चालू राहू शकतं. मी पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन झाकण मिटल्यावर 'हायबरनेट' ठेवलं. मेमरीतलं सगळं एसएसडीवर (डिस्कवर) लिहून मशीन खरोखर बंद होतं. उघडायला थोडा वेळ जास्त लागतो, पण बॅग भाजत नाही.

*

वायरलेस माउस अडखळत होता. माउस बदलला, तरी तेच. शेवटी कळलं की माउसचा यूएसबीत खुपसायचा जो रिसीव्हर असतो त्याच्या शेजारच्या पोर्टला यूएसबी ३ची बाहेरची डिस्क लावली की गोंधळ सुरू होतो. यूएसबी ३चा २.४ गिगाहर्ट्झवर, म्हणजे असे माउस वापरतात त्याच लहरींवर, त्रास होतो हे इंटेलने २०१२ सालीच लिहून ठेवलंय म्हणे. रिसीव्हर दुसऱ्या बाजूच्या पोर्टला लावला, संपलं.

*

सगळे सेटिंगचंच सांगताहेत, म्हणून उलटं सांगते. माझा लॅपटॉप दर एक-दोन दिवसांनी निळी स्क्रीन देऊन बंद पडायचा, आणि प्रत्येक वेळी कारण वेगळंच दाखवायचा. जो तो म्हणे ड्रायव्हर बघ, विंडोज परत टाक. दोनदा टाकलं. अखेर एका रात्री मेमरी तपासणारा प्रोग्राम पेनड्राइव्हवरून चालवून झोपले. सकाळी स्क्रीनभर लाल ओळी. रॅमची, म्हणजे मेमरीची, एक स्टिक मुळातच सदोष होती. तोवर बदलून द्यायची मुदत दोन दिवसांनी उलटून गेलेली, मग वॉरंटीत दुरुस्ती, तीन आठवडे मशीनविना. मेमरीची चाचणी पहिल्याच रात्री लावा, खेळ दुसऱ्या दिवशी.

*

धागाकर्ता परत आलोय. मेमरी परवा रात्री तपासली, स्वच्छ. मग वॅट लावून बसलो. फ्रेम पडल्या तेव्हा ग्राफिक्स १०५ वॅटवरून थेट ३५वर. म्हणजे वीज कुठेतरी तुटतेय, पण कुठे? पॉवर प्लॅन बदलले, कंपनीच्या ॲपमधले सगळे मोड फिरवून झाले. धाकटा भाऊ मागे उभा राहून बघत होता. म्हणाला, "दादा, तेव्हा स्क्रीन पण जरा अंधारते का रे?"

अंधारत होती. चार दिवस माझं लक्ष फ्रेमच्या आकड्यावर, स्क्रीन कोण बघतंय! टेबलामागे वाकून पाहिलं तर चार्जरच्या ठोकळ्यात जी वायर खुपसायची असते ती अर्धीच आत. खेळताना पाय लागला की ठोकळा हलायचा, लॅपटॉप क्षणभर बॅटरीवर जायचा आणि परत यायचा. वायर जोर लावून आत दाबली, 'टक्' आवाज झाला. काल रात्री तीन तास खेळलो, ९०च्या खाली फारसं काही गेलं नाही. भावाने बदल्यात आजची संध्याकाळ मागून घेतलीये, त्यामुळे हे फोनवरून लिहितोय.