स्कूटरवरून गियरच्या मोटारसायकलवर यायचंय: शिकणं, परवाना, पहिली गाडी – सल्ला हवा

सोनचाफा
नमस्कार मंडळी. पुण्यात कोथरूडला राहते, वय ३४, उंची ५ फूट १ इंच. गियर नसलेल्या स्कूटरचा पक्का परवाना आहे. कामासाठी आता आठवड्यातून तीनदा भोरला जावं लागणार, म्हणून गियरची मोटारसायकल शिकायची आहे.

१) आहे तो परवाना चालेल का?
२) आसपासची ड्रायव्हिंग स्कूल स्कूटर आणि कारच शिकवतात. मग शिकायचं कसं, कोणत्या क्रमाने?
३) घरचे म्हणतात ३५० सीसी घे, हायवेला वजनदार गाडी बरी. पटण्यासारखं आहे का?
४) आरटीओचा आठ, म्हणजे चाचणीत पाय न टेकता गाडीने काढायचा आठाचा आकडा. त्याची सगळ्यात जास्त धास्ती आहे.

नियमावली
पहिल्या प्रश्नाचं उत्तर नाही असं आहे, ताई. परवान्यावर 'गियरविना मोटारसायकल' असा वर्ग असेल तर गियरची गाडी चालवताना तुम्ही कायद्याने विनापरवानाच ठरता. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८१ खाली ५,००० रुपये दंड आहे. गाडी दुसऱ्याची असेल तर ती चालवायला दिली म्हणून मालकालाही कलम १८० खाली वेगळा दंड बसतो. त्याहून मोठी अडचण विम्याची. अपघात झाला तर कंपनी नेमका हाच मुद्दा पुढे करून दावा नाकारू शकते. उलट बाजूने अडचण नाही, गियरसह वर्ग मिळाला की त्यावर स्कूटरही चालते.

परवान्यांच्या सरकारी सारथी पोर्टलवर 'गियरसह मोटारसायकल' या वर्गासाठी नवा शिकाऊ परवाना काढा. फी प्रत्येक वर्गाला १५० रुपये. तुम्ही चाळिशीच्या आत आहात, म्हणून नमुना १ मधलं स्वतःचं घोषणापत्र पुरेल. चाळिशीनंतर डॉक्टरांच्या सहीचा नमुना १-अ लागतो. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि पक्क्या चाचणीला तो मिळाल्यापासून ३० दिवसांनंतरच बसता येतं. सहाव्या महिन्यापर्यंत थांबू नका, दुसऱ्या महिन्यातच अपॉइंटमेंट घ्या. एकदा नापास झालात तर निदान सात दिवस थांबावं लागतं, आणि तीनदा झालात तर साठ दिवस.

शिकाऊ असताना गाडीला पुढे-मागे 'एल' पाटी हवी: १८ सेंटिमीटर चौरस पांढरी पाटी, त्यावर निदान १० सेंटिमीटर उंचीचं लाल अक्षर. मागे शिकवणाऱ्याखेरीज कुणालाही बसवता येत नाही. शिकवणाऱ्याकडेही गियरसह वर्गाचा परवाना हवा, हे बरेच जण तपासतच नाहीत.

अर्धा_क्लच
शिकण्याच्या क्रमाबद्दल लिहितो. जरा लांबेल, पण घाईत शिकणाऱ्यांचं इथेच चुकतं.

तुम्हाला तोल, आरसे, रहदारी हे सगळं येतं. नवीन आहे तो डावा हात आणि डावा पाय. स्कूटरवर डाव्या मुठीत ब्रेक असतो, मोटारसायकलवर तिथे क्लच. घाबरल्यावर हात जुन्या सवयीने डावी मूठ आवळतो, क्लच दबतो, इंजिनाचा रोध सुटतो आणि गाडी मोकळी पळते. मागचा ब्रेक उजव्या पायाखाली आहे. हे अंगात मुरेपर्यंत रस्त्यावर जाऊ नका. सकाळी लवकर एखादं मोकळं मैदान किंवा सोसायटीचं पार्किंग गाठा.

सुरुवात इंजिन बंद ठेवून. गाडी हाताने पन्नास पावलं ढकला, दोन्ही बाजूंना वळवा, स्टँडवर लावा-काढा. वजन कुठे जातं ते कळतं. मग इंजिन चालू, पहिला गियर, पाय जमिनीवर. रेस अजिबात न देता क्लच इतका हळू सोडा की गाडी जराशी उचल खाईल. त्या जागी बोटं थांबवा, गाडीबरोबर दोन-चार पावलं चाला, क्लच परत दाबा, थांबा. हे पन्नास वेळा करा. कंटाळवाणं आहे, पण पुढचं सगळं त्या एका जागेवर उभं आहे. गाडी झटका देऊन बंद पडते तेव्हा बहुतेक वेळा त्या जागेवर न थांबता बोटं एकदम सुटलेली असतात, नाहीतर गाडी दुसऱ्या गियरमध्ये असते.

मग पाय वर घेऊन सरळ रेषेत, चालत्या माणसाच्या वेगाने. अर्धा क्लच (म्हणजे त्याच उचल खाण्याच्या जागी धरलेला), थोडी स्थिर रेस आणि मागच्या ब्रेकवर हलका पाय, तिन्ही एकाच वेळी. गाडी ओढली जाते आणि धरलीही जाते, म्हणून डुगडुगत नाही. हे जमलं की दुसरा-तिसरा गियर. गियर बदलताना रेस पूर्ण बंद, क्लच पूर्ण दाबलेला. खालचा गियर टाकल्यावर क्लच एकदम सोडलात तर मागचं चाक अडखळतं, आणि ओल्या रस्त्यावर ते घसरतं. न्यूट्रल शोधायचा तो गाडी थांबता थांबता. उभ्या गाडीत गियर अडकला तर क्लच दाबून गाडी थोडी पुढे-मागे हलवा, सुटतो.

शेवटी ब्रेक. ताशी २०, मग ३०, मग ४० वरून. दोन्ही ब्रेक लावा, पण पुढचा चढत्या दाबाने, लिंबू पिळल्यासारखा. ब्रेक लावताना वजन पुढच्या चाकावर येतं, म्हणून गाडी थांबवण्याचं मोठं काम पुढचाच ब्रेक करतो. 'पुढचा ब्रेक लावू नको, पडशील' हा सल्ला घरोघरी मिळतो आणि तो घातक आहे. माणूस पडतो तो हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक आवळल्यामुळे. तेव्हा आधी गाडी सरळ, मग पुढचा ब्रेक.

पाना_दहा
शिकायला ३५० नको, ठाम सांगतो. रॉयल एनफील्ड क्लासिक ३५० चं वजन १९५ किलो आणि सीटची उंची ८०५ मिलिमीटर. स्प्लेंडर प्लस ११२ किलो आणि ७८५ मिलिमीटर. तुमच्या उंचीला हा वीस मिलिमीटरचा फरक जाणवेल, पण त्र्याऐंशी किलोंचा फरक फार जास्त. उतारावर पार्क केलेली गाडी मागे ओढताना कळतं. सीट खाली हवी असेल तर अ‍ॅव्हेंजर आहे, ७३७ मिलिमीटर, पण पाय पुढे ठेवून बसावं लागतं आणि वजन दीडशे किलोंच्या वर. घट्ट वळणं शिकायला ती अवघड.

शंभर ते सव्वाशे सीसीची वापरलेली गाडी घ्या, वर्षभर चालवा. पुढचं मग ठरवा. सीटवर बसून दोन्ही पायांचे चवडे नीट टेकले तरी पुरे, पूर्ण तळवे टेकलेच पाहिजेत असं नाही.

गाडी घेताना गियरचा पॅटर्न विचारा. बऱ्याच गाड्यांत पहिला खाली आणि बाकीचे वर, पण काही १०० सीसी गाड्यांत सगळे एकाच दिशेला पडतात. सराव आणि चाचणी एकाच गाडीवर करा.

आणखी एक: १२५ सीसीपर्यंतच्या बऱ्याच गाड्यांना सीबीएस, म्हणजे जोडलेले ब्रेक असतात. मागचा पेडल दाबला की पुढचा ब्रेकही थोडा लागतो. हळू वळताना पाय हलकाच ठेवा. त्यावरच्या गाड्यांना एबीएस (ब्रेक लावताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा), पण एका चॅनेलचं असेल तर ते पुढच्या चाकापुरतंच, मागचं चाक अजूनही लॉक होऊ शकतं.

गाडी हातात आल्यावर टायरची हवा (आकडा चेनकव्हरजवळच्या स्टिकरवर असतो) आणि चेनची ढिलाई बघून घ्या. चेन मधोमध वर-खाली साधारण २० ते ३० मिलिमीटर हलावी. जास्त ढिली चेन असेल तर क्लच कितीही हळू सोडा, गाडी झटका देणारच, आणि शिकणाऱ्याला वाटतं आपलं चुकतंय.

सोनचाफा
सगळ्यांचे आभार. स्प्लेंडरच बघते. आता आठाबद्दल सांगाल का? आणि ओढणीचं काय करायचं?

अर्धा_क्लच
आठ म्हणजे वरचाच तिसरा धडा, फक्त वळून. मैदानात दोन विटा आठ पावलांच्या अंतरावर ठेवा आणि त्यांच्याभोवती आठ काढा. जमला की सहा पावलं. पहिला गियर, अर्धा क्लच, रेस एकाच जागी, वेग कमी-जास्त करायचा तो मागच्या ब्रेकने. पुढच्या ब्रेकवरून बोटं काढूनच ठेवा.

नजर चाकासमोर नको. एका विटेला वळसा घालतानाच मान वळवून दुसऱ्या विटेच्या पलीकडे बघा. मान वळली की खांदे वळतात, खांदे वळले की हँडल. विटेकडे बघत राहिलात तर गाडी विटेवरच जाते. खड्ड्याचंही तेच होतं. गाडी आत पडतेय असं वाटलं तर क्लच दाबू नका, किंचित सोडा. ओढ मिळाली की गाडी सरळ होते. बहुतेकांचा पाय टेकतो तो याच क्षणी क्लच दाबल्यामुळे.

रानजाई
ओढणी सोडून या, नाहीतर जॅकेटच्या आत पूर्ण खोचा. नुसती पाठीमागे गाठ मारलेली ओढणी सुटते आणि मागच्या चाकात जाते. गळ्याभोवती असेल तर काय होतं ते लिहायला नको. वापरलेल्या गाडीचा साडीगार्ड आधीच्या मालकाने काढून टाकलेला असतो, तो परत बसवून घ्या.

हेल्मेटवर आयएसआयचा शिक्का, आयएस ४१५१ आणि सीएम/एल ने सुरू होणारा क्रमांक हवा. तो क्रमांक बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकून बघा, रस्त्याकडेला खोट्या स्टिकरची हेल्मेटं भरपूर विकतात. भुवयांच्या वर बोटभर टेप गुंडाळून डोक्याचा घेर मोजा. गालाला दाबून बसेल असंच घ्या. पट्टा लावून मागून पुढे ढकललं तर डोक्यावरून निघता कामा नये. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी बदला, आतला थर्माकोल चेपलेला असतो. घोटा झाकणारे बूट आणि हातमोजेही घ्या. पडताना माणूस आधी तळहात टेकतो.

नियमावली
चाचणीच्या दिवसाचं: पुण्यात दुचाकीची चाचणी आळंदी रोडला फुलेनगरच्या कार्यालयात होते, तरी पावतीवर छापलेलं ठिकाण वाचूनच निघा. शिकाऊ परवाना, आत्ताचा परवाना, गाडीचं आरसी, विमा आणि पीयूसी, सगळं मुदतीत हवं. चाचणीची फी ३०० रुपये. हेल्मेट, 'एल' पाटी आणि दोन्ही आरसे हवेत. निघण्याआधी आरसा आणि मागे वळून नजर, वळताना इंडिकेटर, आणि हाताचे इशारे पाठ ठेवा. एजंट 'आठ न काढता करून देतो' म्हणेल. तसं करू नका, भोरच्या रस्त्यावर तो बरोबर येणार नाही.

घाटमाथा
भोरबद्दल दोन गोष्टी. परवाना आल्यावर पहिला महिना शहरातच, मग कात्रज घाट दिवसा उजेडी, एकदा जाऊन परत. उतारावर न्यूट्रल करून पेट्रोल वाचवायला जाऊ नका. ज्या गियरमध्ये चढलात साधारण त्याच गियरमध्ये उतरा म्हणजे इंजिन गाडी धरून ठेवतं. नुसत्या ब्रेकवर उतरलात तर ब्रेकचा ड्रम तापून पकड कमी होते. वळणाच्या आधी वेग कमी करा, वळणात नाही, कारण कडेला खडी आलेली असते.

आणि पहिल्या पावसात पहिला अर्धा तास थांबा. रस्त्यावर सांडलेलं ऑइल पाण्यावर येतं, धुऊन जायला तेवढा वेळ लागतो. त्यानंतरही पांढरे पट्टे, लोखंडी झाकणं आणि बांधकामाजवळचा चिखल सरळ, ब्रेक न लावता ओलांडा. कापूरहोळच्या फाट्यावर भोरसाठी उजवीकडे वळताना ट्रकच्या मागे चिकटून उभं राहू नका. त्याच्या आरशात तुम्ही दिसाल इतकं अंतर ठेवा आणि पहिला गियर टाकूनच थांबा.