लहानपणी हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या बहिणीची तपासणी आता कोणाकडे करावी?

प्रश्न (अशोक चौक, सोलापूर)
माझ्या धाकट्या बहिणीवर चौथ्या वर्षी पुण्यात ‘टेट्रालॉजी ऑफ फॅलो’ या जन्मजात दोषासाठी (हृदयात छिद्र आणि फुफ्फुसाकडे जाणारी वाट अरुंद) शस्त्रक्रिया झाली. आता ती २७ वर्षांची आहे. पंधराव्या वर्षी शेवटचा टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) झाला, तेव्हा ‘आता यायची गरज नाही’ असे डॉक्टर म्हणाल्याचे आई सांगते. यंदा गड्ड्याच्या यात्रेत चालताना तिला नेहमीपेक्षा लवकर धाप लागली. तिच्या लग्नाचेही पाहत आहोत. सोलापुरातच इको करून भागेल का?

उत्तर (होटगी रस्ता)
माझीही हीच शस्त्रक्रिया झाली होती. छिद्र बुजवले म्हणजे दोष संपला, असे आमच्या घरीही सगळे धरून चालले होते. मात्र फुफ्फुसाकडे जाणारी अरुंद वाट मोकळी करताना तिथली झडप बहुधा निकामी होते, रक्त उलटे उजव्या खालच्या कप्प्यात येत राहते आणि तो कप्पा वर्षानुवर्षे हळूहळू फुगत जातो. शरीराला त्याची सवय होते, म्हणून कळत नाही. जिना चढताना लागणारी धाप मी वाढत्या वजनाच्या खात्यावर टाकत होतो. ३३ व्या वर्षी झडप बदलावी लागली.

उत्तर (एक डॉक्टर)
इको आणि ईसीजी सोलापुरात अवश्य करा. मात्र कप्पा किती फुगला आणि गळती किती, हे नेमके मोजायला हृदयाचा एमआरआय लागतो, आणि तो प्रौढांमधील जन्मजात हृदयदोष पाहणाऱ्या तज्ज्ञांनीच वाचलेला बरा. त्यासाठी पुण्या-मुंबईची एक फेरी सार्थकी लागेल. ठोके अनियमित वाटत असतील किंवा कधी भोवळ आली असेल, तर ते आवर्जून सांगा आणि मग तारखेची वाट पाहू नका. गर्भधारणेचा विचार तपासणीनंतरच करावा. हृदयात जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून दातांच्या उपचारांआधी प्रतिजैविक देतात, पण ते प्रत्येकालाच लागते असे नाही; कृत्रिम झडप असेल किंवा छिद्रावरच्या पॅचच्या (ठिगळाच्या) कडेला गळती उरली असेल, तर लागते. आधी जुने डिस्चार्ज कार्ड शोधा.

प्रश्नकर्ता
कार्ड सापडले. आईने ते ट्रंकेत चादरीच्या घडीत जपून ठेवले होते. शाई फिकट झाली आहे, पण ‘ट्रान्सॲन्युलर पॅच’ एवढे वाचता येते.

उत्तर (तेच डॉक्टर)
म्हणजे पॅच झडपेच्या कड्यावरूनच गेला आहे. गळती आहेच असे धरून चाला. ती किती, एवढेच आता मोजायचे. कार्डाची प्रत सोबत न्या.